शिवेवरची तांबडी

“आत्या, कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं देते का गं?”

विचारलं एकदाचं! तेही गुपचूप नाही. पुरुषमाणसं जेवायला बसलेली, बायका वाढतायत, अशा वेळी, खणखणीत आवाजात. पैजच तशी होती. मेच्या सुट्टीला भोरहून निघाले तेव्हा कुंदा आणि शुभा मला सर्व्हिस मोटारीपर्यंत पोचवायला आल्या होत्या. त्या दोघींच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा दार लावून उच्चारतात, म्हणून माझ्या आत्याच्या चाळीस कोंबड्यांचं त्यांना भारी अप्रूप. “विचारशील आत्याला? सगळ्यांसमोर?” शुभा म्हणाली. “हिची छाती नाही व्हायची,” कुंदा म्हणाली. माझी छाती नाही? मराठी सहावीत पहिली आलेल्या, शाळेच्या समारंभात कागद न बघता भाषण ठोकलेल्या रतन कुंडलिकची? मग काय! जिंकले तर शुभाची लाल रिबीन माझी, असं ठरलं आणि मोटार सुटली.

आता वाटतं, त्या घटकेला मला मुकं का केलं नाहीस देवा.

दादांचा घास हातातच राहिला. दादा म्हणजे माझे वडील. मला भोरला शिकायला पाठवायचं म्हणून आजोबांशी दोन महिने अबोला धरलेले दादा. त्यांनी मान खाली घातली. आजोबांना कमी ऐकू येतं, ते म्हणाले, “काय इचारती पोर?” आणि सखूकाकी, धाकट्या चुलत्याची बायको, पदर तोंडाशी नेऊन खुदकन हसली.

“सांगा की वन्सं,” काकी म्हणाली. “तुमच्याबिगर कुणाला ठावं असणार हितं?”

चंद्राआत्याला नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. हे मला माहीत नव्हतं का? पाठ होतं! पण माहीत असणं वेगळं आणि त्या वेळी आठवणं वेगळं. आत्यानं हातातली भाकरी दादांच्या ताटात ठेवली, हात झटकले आणि “खुराड्याचं दार लावलं का बगते,” म्हणून ती परसात गेली. खुराड्याचं दार अजून लावायची वेळ नव्हती, ऊन होतं.

मला वाईट वाटलं. पण मी त्या दिवसांत एकही वाईट वाटणं फार वेळ सहन करत नसे, लगेच इलाज करायचे. आणि इलाज माझ्याजवळ होता. अंगणात डालग्याखाली झाकून ठेवला होता. मी आत्याच्या मागं धावले.

“डोळे मीट. तुझ्यासाठी काय आणलंय बघ!”

तांबडी होती ती. अशी तकतकीत तांबडी की मानेवर ऊन पडलं की तांब्याची घागर आठवावी. आत्यानं तिला दोन्ही हातांनी उचललं, पिसं फुंकून पाहिली, पोट चाचपलं. मग पायावरून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. आत्या माझ्याकडं बघायला लागली.

“कुणी दिली?”

“वाटेत एका म्हातारीनं.”

“फुकाट?”

“फुकट. म्हणाली, घेऊन जा पोरी.”

आत्यानं तांबडीच्या कानामागं अंगठा फिरवला. मग तिनं तांबडीला पदराखाली घेतलं. “लई गुणाची दिसती,” ती म्हणाली, आणि हसली. आत्या हसली की तिचा एक दात पडलेला दिसायचा, म्हणून ती हसत नसे. मला वाटलं, सुटले बाई! प्रश्नाचं उत्तर राहिलं ते राहिलंच.

म्हातारी वगैरे कुणी नव्हती.

शिवऱ्याला मोटारीतून उतरलं की आमची वाडी पायी कोसभर. मधे ओढा, तीच वाडीची शीव. ओढ्याच्या शिवऱ्याकडच्या काठावर, म्हसोबाच्या शेंदरी दगडापाशी, ही तांबडी उन्हात उभी होती. कपाळावर हळदकुंकू, पायात काळा दोरा, दोऱ्यात एक कवडी. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं ते काय असतं. ज्या गावात कोंबड्या मरायला लागतात तिथल्या बायका एक कोंबडी अशी सजवतात, आपल्या शिवेबाहेर आणून सोडतात आणि मागं न बघता परत जातात. रोग कोंबडीबरोबर गेला, असं. त्या कोंबडीला कुणी शिवायचं नाही. कोल्हा नेईल, घार नेईल, माणसानं न्यायची नाही.

पण मी का शेंबडं पोर होते? आमच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं, मुलींनो, खुळ्या समजुतींना घाबरू नका. मी घाबरले नाही! ओढ्यात परकराचं टोक भिजवून कुंकू पुसलं, दोरा सोडवला. दोरा फेकून दिला आणि कवडी ठेवली. कुंदाला आणि शुभाला दाखवायला. छाती नाही म्हणे!

घरी आल्यावर कवडी कुठं लपवायची? अंड्यांच्या पाटीतल्या भुशात. त्या पाटीत आत्याशिवाय कुणी हात घालत नसे, आणि सुट्टी संपली की ती माझ्याबरोबरच भोरला जायची. सुट्टी सोडली तर दर बाजारादिवशी ती पाटी भोरला जातच होती. भोरला मी आईच्या चुलतभावाकडं, चिमाजीमामाकडं राहते. मामी आजारी असते, तिला डॉक्टरांनी रोज दुधातून कच्चं अंडं सांगितलंय. आत्याची अंडी मामाकडं जायची आणि मी मामाकडं राहायची. असा काही करार झालेला नव्हता. पण एका बाजाराला पाटी चुकली होती, तेव्हा मामीनं मला तीनदा विचारलं होतं, सगळं बरं आहे ना गं घरी?

म्हणजे मी शिकत होते ते आत्याच्या कोंबड्यांच्या जिवावर. हे मला तेव्हा एखाद्या उखाण्यासारखं गमतीचं वाटायचं.

आठव्या दिवशी पहिली कोंबडी खुराड्यातून बाहेर आली नाही.

दोन दिवसांत पाच झाल्या. पंख ढिले सोडून बसायच्या, चोच उघडी टाकून घरघर करायच्या, मग मान अशी पिरगळायची की डोकं पाठीवर यायचं, आणि त्या स्वतःभोवती गरगर फिरत पडायच्या. मानमोडी. ज्या नुसत्या मलूल दिसायच्या त्या मरायच्या आधी कापल्या. पहिले तीन दिवस घरात रोज रस्सा. काकीची पोरं खुशीत, सणच! चौथ्या दिवशी धाकट्यानं ताट सरकवलं आणि म्हणाला, “नगं. ही कवडीची हुती.” कवडी हे एका पांढऱ्या ठिपक्यांच्या कोंबडीचं नाव. आत्यानं प्रत्येकीला नाव ठेवलं होतं. तो शब्द ऐकून माझ्या हातातला तांब्या पडला.

मी का नाही बोलले? रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग आत्या खुराड्यातून एकेक पाय धरून बाहेर काढायची, राख टाकून खाचराच्या बांधाला पुरायची, आणि सांगण्याची वेळ निघून जायची. इतकं सोपं असतं गप्प बसणं. भाषणाला कोण मेहनत पडते!

खुराड्यातला थोरला कोंबडा अकराव्या दिवशी मेला. पंधराव्या दिवशी एकच कोंबडी उरली. तांबडी. तिला काही झालंच नाही.

त्या दिवशी दुपारी शेजारचा गेनबा आमच्या अंगणात आला.

गेनबाच्या अकराच्या अकरा गेल्या होत्या. त्याच्या पलीकडच्या घरातल्याही गेल्या होत्या, आणि त्याच्याही पलीकडच्या. तो ओट्याच्या पायरीवर बसला, पाणी दिलं ते घेतलं नाही.

“कोंडिबा,” तो आजोबांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वड्यापल्याड परगावच्या बायांनी तांबडी सोडली हुती. माझ्या सुनंनं डोळ्यानं बगितली. दुसऱ्या दिशी तिथं पीसबी न्हाई, रगत न्हाई. कोल्ह्यानं न्हेली आसती तर पिसं पडली आसती.”

“मग?”

“मग तुमच्या परड्यात एक तांबडी हाय. सगळ्या मेल्या, ती जिती हाय.”

दादा उठून उभे राहिले. “तांबडी काय एकच आसती व्हय दुनियेत? गेनबा, तोंड सांभाळून.”

“सांभाळूनच बोलतोय, कुंडलिक. न्हाईतर सगळ्या वाडीला घिऊनच आलो आसतो.”

सखूकाकी तेव्हा दाराच्या आड उभी होती, उजवी मूठ आवळून. त्या मुठीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हे सगळं काकीनंच मला मागाहून सांगितलं. सकाळी तिचा धाकटा अंडं मागत रडत होता. आता अंडी भोरला जायचीच नाहीत, उरलंसुरलं एखादं असेल तर द्यावं पोराला, म्हणून तिनं पाटीत हात घातला आणि भुशात कवडी लागली. काकीचा नवरा, माझा सावळारामकाका, युद्ध सुरू झाल्यापासून खडकीच्या कारखान्यात. ती एकटीच चार पोरं सांभाळायची. तिच्या पोरांनी अंडं मागितलं की आत्या म्हणायची, “ते रतनचं हाय.” सहा वर्षं ऐकत होती ते काकी. तरी तिच्या मनात कवडी बाहेर काढायचं नव्हतं. आधी आत्याला एकटीला गाठून जाब विचारायचा होता. पण गेनबा म्हणाला, “तुमच्या घरानं वाडीची रांड केली,” आणि काकीला वाटलं, आपल्या घरानं? सगळ्या घरानं? एकीच्या पायी माझ्या पोरांनी का ऐकायचं हे? तिनं बाहेर येऊन मूठ उघडली.

“वन्संच्या पाटीत गावली,” ती म्हणाली.

कवडी ओट्यावर पडली. टिचकीएवढा आवाज झाला असेल. मी चौकटीला धरून उभी होते. मी कवडीकडं पाहिलं आणि मान वर केली, तर दादा माझ्याकडं बघत होते. कवडीकडं नव्हे, माझ्याकडं. एकच क्षण. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि परत खाली बसले.

आजोबांना दिसतंही कमी, त्यांनी चाचपून कवडी उचलली. बोटांनी ओळखली. “चंद्रा,” त्यांनी हाक मारली.

आत्या परसातून आली. हाताला राख. तिनं कवडी बघितली, काकीला बघितलं, दादांना बघितलं. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. मी खात्रीनं सांगते, मुद्दाम बघितलं नाही.

“ही कुणाची?” आजोबा म्हणाले.

“माझीच. म्या आणली तांबडी.”

“शिवेवरनं?”

“व्हय.”

“कळत हुतं तुला?”

“सगळं कळत हुतं, बाबा.”

बोल, बोल, बोल, असं माझ्या डोक्यात कुणीतरी ओरडत होतं. माझी जीभ टाळूला चिकटली होती. सहावीत पहिली आलेली जीभ!

गेनबानं हात जोडले. त्यालाही अवघड वाटत होतं, ते दिसत होतं. “चंद्राबाई, रीत तुमाला ठावी हाय. ज्यानं आणली त्यानं न्यायची. दिसाउजेडी, काखंत धरून, सगळ्यांच्या दारावरनं. वड्यापल्याड गेलं की म्हसोबाच्या जत्रंपतुर माघारी फिरायचं न्हाई.”

पुढची जत्रा वर्षानं. रीत मलाही माहीत होती, पण गोष्टीसारखी. आजोबांच्या तरुणपणी एक म्हातारा असा गेला होता. जत्रा आली. तो आला नाही. आमच्या घरात ती गोष्ट अजून हळू आवाजात सांगतात.

आत्यानं जायचं म्हणजे वेल्ह्याकडं, सासरी. अकरा वर्षांपूर्वी आजोबांनीच तिला तिथून आणली होती. नवरा गेल्यावर दिरानं तिला गोठ्यात जागा दिली होती, जनावरांच्या मधे. आजोबा स्वतः बैलगाडी घेऊन गेले, गोठ्याच्या दारात उभं राहून म्हणाले, चल, आणि वाटेत म्हणाले, म्या हाय तवर तुला पुन्यांदा हितं यावं लागायचं न्हाई. आत्यानं गाडीत घेतल्या त्या दोन कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांच्याच चाळीस झाल्या होत्या.

आजोबा कवडी बोटांत फिरवत होते. त्यांचे डोळे पांढुरके झालेत, त्यातून पाणी आलं की वयामुळं आलं की रडू आलं, कळत नाही.

“सोमवारी जा,” ते म्हणाले.

गेनबा उठला. जाताना त्यानं पाणी घेतलं.

मी सांगितलं. उशिरा, पण सांगितलं! तासाभरानं, चुलीपाशी. आई भाकरी थापत होती, दादा पाठ टेकून बसले होते, काकी पाण्याची घागर उतरवत होती. ओढ्यापासून कवडीपर्यंत सगळं सांगितलं, कुंकू पुसलं ते सांगितलं, म्हातारी खोटी होती ते सांगितलं. हा रोग लागणीचा असतो, कोंबडीकडून कोंबडीला जातो, मी आणला, मी, आत्यानं नाही. सांगताना रडत होते आणि कुठंतरी आत मला हलकंही वाटत होतं. आता आई मला मारील, दादा आजोबांकडं जातील, सोमवार टळेल.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला.

“झालं सांगून?”

“हो.”

“मग आता हे हितंच ऱ्हायाचं. भाईर कुणाला बोलायचं न्हाई.”

मला समजेना. मी दादांकडं वळले.

“मला तवाच कळलं,” दादा म्हणाले, चुलीकडं बघत. “चंद्रा आपणहून बोलली. तिनं इच्यार करून बोललं आसंल. तिचा शब्द खाली पाडू नये.”

घागर दाणकन खाली आली. “म्हंजी?” सखूकाकी म्हणाली. “पोरीनं आणली आन् वन्संनी जायाचं? हा कुठला न्याव?”

“तू नगं न्याव शिकवू, सखू,” आई म्हणाली. “कवडी कुणी भाईर काढली? सकाळपतुर तूच वाट बगत हुतीस त्या कवा जात्यात म्हून.”

“अंड्यावरनं भांडत हुते म्या. माणसावरनं न्हाई.” काकीचा आवाज फाटला. “मला ठावं आसतं तर म्या ती कवडी गिळली आसती, जाऊबाई! तुमी ठावं आसून गप बसताय.”

अकरा वर्षं माझी आई आणि आत्या एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळत आल्या. आईला ताप आला की आत्या तिचे पाय चेपायची. आणि काकी आत्याशी दिवसातून चार वाक्यं बोलायची, त्यातली तीन टोमण्याची. मी एवढी हुशार मुलगी, मला घरातलं प्रत्येक माणूस कुणाच्या बाजूचं आहे ते पाठ होतं! एका भाकरीच्या वेळात सगळं उलटंपालटं झालं.

“आई, आत्यानं काय केलंय गं?”

आई पहिल्यांदाच माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मी ओळखला नाही.

“तुला उजवायची हाय का न्हाई? शीव मोडलेली पोर, कोंबडी काखंत घिऊन दारोदार फिरलेली, कोण पदरात घील? चिमाजीची बायकू उंबऱ्याच्या आत घील का? शाळा सुटंल, घर सुटंल, समदं सुटंल. आन् वन्संचं...” आई थांबली. मग बोललीच. “वन्संचं काय जायाचं ऱ्हायलंय आता?”

तव्यावरची भाकरी जळाली. आईच्या हातून जळलेली ती पहिलीच भाकरी. ती तिनं उलटली नाही, नुसती बघत राहिली. आईला काय वाटत होतं ते मला आज कळतं असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगते, तिनं आपलं बोलणं माघारी घेतलं नाही.

“सातवी हू दे तुझी,” दादा म्हणाले. “पुढं बगू. जत्रंला आणू चंद्राला. म्या सोता जाईन गाडी घिऊन.”

त्या म्हाताऱ्याला आणायला कुणी गाडी घेऊन गेलं होतं का, हे मी विचारलं नाही. पैजेशिवाय मला प्रश्न विचारता येत नव्हते बहुतेक.

परसात खुराड्यापाशी आत्या रिकामी डालगी एकात एक घालत होती. खुराड्यात राख पसरली होती. एवढी शांतता त्या कोपऱ्यात मी जन्मात ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत एकदम तांबडी ओरडायला लागली. कॉक कॉक कॉक कटाक! अंडं दिल्यावर ओरडतात तशी, सगळ्या जगाला सांगत, टेचात, जणू काही झालंच नाही.

आत्यानं आत वाकून अंडं काढलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, “सांगितलंस ना चुलीपाशी? ऐकू आलं मला.”

“आत्या, तुला माहीत होतं?”

“पायाला दोऱ्याचा वळ हुता. कानामागं कुकू ऱ्हायलं हुतं थोडं. तुला धड पुसताबी आलं न्हाई, येडे.”

“मग फेकून का नाही दिलीस? ओढ्यापलीकडं सोडून का नाही आलीस?”

आत्या अंड्यावरची राख पदरानं पुसत राहिली. मला वाटलं, उत्तर देणार नाही. त्या दिवसासारखी उठून जाईल.

“अकरा वर्सं झाली हितं,” ती म्हणाली. “दादा लुगडं आणतो. घरात भाकरी हाय. समद्यांना मिळती तशी मलाबी मिळती, कुणाचं वंगाळ न्हाई म्हणत म्या. पर माझ्यासाठी म्हून वाटंनं कुणी काय घिऊन आलं न्हवतं. तू डोळं मीट म्हणालीस.” तिनं अंडं या हातातून त्या हातात घेतलं. “म्या मिटलं बग डोळं. दुसऱ्या दिशी सोडून यायचं म्हणलं, आजचा दीस ऱ्हाऊ दे. मग दुसरा दीस आला. म्हणून म्हणते, म्या बाबांस्नी खोटं न्हाई सांगितलं. तू आणलीस खरं, पर ठेवली म्याच.”

मला रडायलाही येईना.

खुराड्याच्या पत्र्याला एक भोक आहे, त्यातून दुपारी ऊन काठीसारखं आत येतं. आत्या त्या उजेडात अंडी धरून बघायची, आत जीव धरलाय की नाही. सवयीनं तिनं हेही अंडं धरलं. अंडं आतून पिवळं उजळलं. नितळ. एकही रेघ नाही, ठिपका नाही.

“त्या दिशी तू इचारलं हुतंस,” ती म्हणाली. “देती की. कोंबडा आसू दे न्हाईतर नसू दे, कोंबडी अंडं देतीच. देयाचं काय थांबत न्हाई तिचं. पर त्यातनं पिल्लू निगत न्हाई. दुसऱ्यानं खायापुरतं आसतं ते.” तिनं अंडं माझ्या हातात ठेवलं. कोमट होतं. “चिमाजीच्या बायकूला दे. आन् तुज्या मैतरणींना सांग, आत्यानं उत्तर दिलं म्हून.”

मी पैज जिंकले होते.

आत्या परत डालग्यांकडं वळली. वेल्ह्याला न्यायला तिनं एक लुगडं आणि एक तांब्या वेगळा काढून ठेवला होता, खुराड्याच्या फळीवर. बास, एवढंच. येताना तीन पाखरं तरी होती.

मी अंडं फळीवर तांब्याशेजारी ठेवलं. तांबडीला उचललं. तिनं कुरकुर केली आणि लगेच माझ्या काखेत मान घातली, पहिल्या दिवशी घातली होती तशीच. आत्याची पाठ होती माझ्याकडं. मी परसातून न जाता घरातून गेले. चुलीपाशी काकी एकटीच बसली होती, तिनं माझ्या काखेकडं पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि वाट सोडली.

ओट्यावर आई तांदूळ निवडत होती. दादा दावं वळत होते. आजोबा भिंतीला टेकून, मुठीत अजून ती कवडी. ऊन खळ्यापर्यंत उतरलं होतं. गेनबाच्या दारात माणसं दिसत होती.

“दादा,” मी म्हणाले. “आई.”

भोरहून आल्यापासून काकी माझ्या बोलण्याला हसायची, मी ‘आहे’ म्हणते, ‘मी’ म्हणते म्हणून. त्या वेळी माझ्या तोंडून काय बाहेर येतंय याचा मी विचारही केला नाही.

“ज्यानं आणली त्यानं न्यायची ना? म्या आणली. आत्या कुठं जायाची न्हाई. उजेड हाय तवर म्याच न्हेणार, गेनबाकाकांच्या दारावरनं.”

आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. “रतने! खाली ठेव तिला आधी. ठेव म्हणते ना!”

दादा उठले, पण जागेवरच उभे राहिले. आजोबांनी मान वळवली, जिथून माझा आवाज येत होता तिकडं.

“आन् ऱ्हाशील कुठं?” आई ओरडली. “जत्रंपतुर जाशील कुठं तू?”

ते मला माहीत नव्हतं. मी खरंच सांगते, काहीसुद्धा माहीत नव्हतं. पायरी उतरले तेव्हा तांबडीचं काळीज माझ्या बरगडीवर भराभर उडत होतं, की माझंच.

“शिवेपल्याड,” मी म्हणाले.